झेड शून्य: ठाणे-नवी मुंबईच्या सर्व्हे ड्रॉइंगमधला जुना घोळ

ठाण्यातल्या कुठल्याही कन्सल्टंटकडे सर्व्हेची ड्रॉइंग फाइल उघडली की स्क्रीनवर आकड्यांचा सडा दिसतो: २.८५, ३.१०, २.९२. या स्पॉट लेव्हल. त्यातल्या एकावर क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, बऱ्याचदा झेड, म्हणजे फाइलमधली बिंदूची उंची, शून्य निघतो. आकडा नुसताच लिहिलेला, बिंदू मात्र भुईसपाट. ड्राफ्ट्समनला आळशी म्हणून मोकळं होता येतं, पण मुळं त्याच्या फार मागे आहेत. आपल्याकडे जमिनीचं क्षेत्र आणि जमिनीची उंची एका वहीत कधी नांदलीच नाहीत.

महसुली मोजणी झाली ती शेतसाऱ्यासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवलेली पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. साखळी ३३ फुटांची; ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. सारा ठरवायला क्षेत्र लागे, मातीची प्रत लागे. उंचीशी कुणाला देणंघेणं नव्हतं. सातबाऱ्यावर आजही उंचीचा रकाना नाही.

उंचीची गरज होती रेल्वेला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली ती सपाटीवरून. पण पुढे बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ बांधायचा तर लेव्हल घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. दुसरी गरज समुद्राची. अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होऊ लागली. मुंबई धरून नऊ बंदरांवरच्या सरासरी समुद्रसपाटीला देशभरच्या लेव्हलिंगचं जाळं बांधलं गेलं, ते १९०९ चं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कचा, म्हणजे उंची कोरलेल्या पक्क्या खुणांचा, आधार दीर्घकाळ तोच होता.

मुंबई महापालिकेचा हिशेब मात्र वेगळा, टाउन हॉल डेटमचा. डेटम म्हणजे जिथून उंची मोजायची ती शून्य पातळी. टाउन हॉल म्हणजे आजची एशियाटिकची इमारत. या डेटमचं शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली, त्यामुळे शहरात उणे आकडा सहसा लिहावाच लागत नाही. बंदरवाले चार्ट डेटम धरतात, ते सरासरी सपाटीच्या साधारण अडीच मीटर खाली. म्हणजे वाशीतला एकच ओटा एकाच्या कागदावर ३, दुसऱ्याच्या ५.५ आणि तिसऱ्याच्या २७ च्या पुढे. आकडे तिन्ही बरोबर! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात डेटम लिहिलेला नसेल, तर मात्र तिन्ही बिनकामाचे.

१९७० मध्ये सिडको आली तेव्हा या किनाऱ्यावर भातशेती होती, मिठागरं होती आणि भरतीचं पाणी अडवणारे खारबांध. सखल भागात भराव टाकून नोड, म्हणजे नव्या शहराचे विभाग, उभे राहिले. पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पाँड खोदले. त्यांची झडपदारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. अशा जागी अर्ध्या मीटरची चूक म्हणजे तळमजल्यात पाणी.

कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, आलं ते याच काळात. १९८२ चं ऑटोकॅड म्हणजे जवळपास ड्रॉइंग बोर्डच, सपाट. खरी त्रिमिती १९८८ च्या रिलीज १० मध्ये मिळाली. पण सवय तोवर पडून गेली होती: लेव्हल बुकातला आरएल (डेटमवरून काढलेली उंची) वाचायचा आणि नकाशावर अक्षरांत टाकायचा. मग टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, बिंदूबरोबर उंचीही फाइलमध्ये येऊ लागली. तरी अनेकांनी झेड मुद्दाम पुसला, आणि त्यालाही कारण होतं. लाइनची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीवर असली की फिलेट (दोन रेषा जोडणारी कमांड) लागत नाही आणि अंतर विचारलं तर तिरकं येतं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या प्लॉटवर तो फरक चांगलाच जाणवतो. प्लॅनचं काम करणाऱ्याला झेड म्हणजे डोकेदुखी. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने १९९७ मध्ये सॉफ्टडेस्क ही कंपनी घेतली, पुढे सिव्हिल थ्रीडी आलं, बिंदूंचे त्रिकोण जोडून जमीन उभी करणं सोपं झालं. त्या त्रिकोणांना अक्षरातला आरएल दिसत नाही, झेडच लागतो.

जीपीएसने आणखी एक गंमत केली. रिसीव्हर उंची मोजतो ती लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारावरून, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे. म्हणून ऐरोलीच्या रस्त्यावर उभं राहूनही कच्ची उंची चक्क उणे पन्नासच्या पलीकडे येते. हा घोळ निदान बोंब मारतो, कुणाच्याही लगेच लक्षात येतो.

शून्य बोंब मारत नाही. घणसोलीच्या एका भरावाच्या हिशेबात माझ्या फाइलमध्ये दोन बिंदूंची उंची कोरी राहिली. सॉफ्टवेअरने ती शून्य धरली, कंटूरमध्ये (समान उंचीच्या रेषांत) दोन खड्डे पडले आणि भराव फुगला. तपासणाऱ्याने नकाशा पाहिला, खाडी शेजारीच आहे, खाजणात खड्डे असायचेच, म्हणून सही केली. हीच फाइल पुण्याची असती, तर साडेपाचशे मीटर खोल विहीर शेंबड्या पोरालाही दिसली असती.