मावसभाऊ चालेल, मामेभाऊ नाही

"तुम्ही त्यांचे कोण?"

मोठी दुर्घटना झाली आणि मृतदेह चेहऱ्यावरून ओळखण्यापलीकडे गेले, की शवागाराबाहेरच्या टेबलावर हा प्रश्न विचारला जातो. मुंबईत उत्तर बहुतेक वेळा "भाऊ" असंच येतं. आपल्याकडे गाववाला भाऊ, खोलीत सोबत राहणारा भाऊ, चुलत-मावस-आते-मामे तर भाऊच. टेबलापलीकडचा माणूस मग हळू आवाजात विचारतो, "सख्खे?" त्यात खवचटपणा नसतो. कोणाचा नमुना घ्यायचा आणि कोणाला हात जोडून परत पाठवायचं, हे त्याला त्या उत्तरावरून ठरवायचं असतं.

टीव्हीवरच्या मालिका बघून आपली समजूत झालेली असते की हाडाचा तुकडा यंत्रात घातला की दुसऱ्या बाजूने नाव बाहेर येतं. तसं होत नाही. बाहेर येतात फक्त आकडे, आणि त्यांच्याशी जुळणारे आकडे घेऊन कोणी येईपर्यंत ते मुके असतात. डीएनएला नाव ठाऊक नसतं, नातं ठाऊक असतं. ॲलेक जेफ्रीस या ब्रिटिश शास्त्रज्ञांना 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथे डीएनएवरून ओळख पटवण्याचं हे तंत्र गवसलं. दुसऱ्याच वर्षी त्याचा पहिला प्रत्यक्ष उपयोग झाला, तो एखादा खुनी पकडायला नव्हे, तर एका मुलाचं त्याच्या आईशी असलेलं नातं सिद्ध करून त्याला देशाबाहेर काढण्यापासून वाचवायला.

हे आकडे कसले? आपल्या डीएनएमध्ये काही ठराविक ठिकाणी चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए, असा. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलतं. लोकल डोळ्यांसमोर आणा. इंडिकेटरवर कधी 12 डबा असतं, कधी 15 डबा. डब्याचा साचा तोच, संख्या वेगळी. प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे अशा दोन गाड्या उभ्या असतात, एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. तुमच्या एका ठिकाणी 9 आणि 12 असेल, तर त्यातली एक आईकडे आणि एक वडिलांकडे दिसायलाच हवी. क्वचित पिढी बदलताना एखादा डबा वाढतो किंवा गळतो, म्हणून एखाद्याच ठिकाणी बिनसलं तर घाईने निकाल देत नाहीत. प्रयोगशाळेत अशी वीस-चोवीस ठिकाणं मोजतात. एका ठिकाणचा आकडा चर्चगेटला उतरणाऱ्या गर्दीत शेकडो जणांचा सारखा निघेल. सगळ्या ठिकाणचे आकडे सारखे असलेले दोघे जण, एकसारखे जुळे सोडले तर, मिळायचे नाहीत.

हे झालं निरोगी, ताज्या डीएनएचं. दुर्घटनेतला डीएनए तुटलेला, भाजलेला, कुजलेला असतो. रक्त आणि मांस आधी जातं, म्हणून भिस्त हाडांवर आणि दातांवर. मांडीच्या हाडाचा मधला भाग, दाढा आणि कानामागचं कवटीचं दगडासारखं टणक हाड यांत पेशी खोलवर दडून राहतात. जळालेल्या हाडाचा रंग पाहूनच जाणकार अंदाज बांधतात. पिवळसर किंवा तपकिरी असेल तर आशा आहे, काळं असेल तर प्रयत्न करायचा. करडं झालं की अवघड, आणि खडूसारखं पांढरं ठिसूळ झालं असेल तर डीएनए बहुधा उरलेलाच नसतो.

हाड घासून स्वच्छ करतात, कारण त्यावर बाजूच्या मृतदेहाचं रक्त असू शकतं, उचलणाऱ्याचा घामही. मग उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पिठासारखी पूड करतात. गोठवायचं एवढ्यासाठी, की दळताना होणाऱ्या उष्णतेने उरलासुरला डीएनए जाऊ नये. मग रसायनात भिजवून त्यातलं कॅल्शियम काढायचं. याला अनेकदा अख्खी रात्र लागते. "एवढा वेळ का लागतो?" असं बाहेर ताटकळलेले नातेवाईक चिडून विचारतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच असतं. पण हाडाला घाई कळत नाही. हाती लागलेल्या कणभर डीएनएच्या मग पीसीआर यंत्रात प्रती काढतात. दर फेरीला दुप्पट, म्हणजे 28 फेऱ्यांत एका तुकड्याचे, कागदावर तरी, 26 कोटींहून जास्त.

आता त्या टेबलाकडे परत येऊ. सर्वांत उपयोगी नमुना आई आणि वडील दोघांचा, किंवा मुलांचा. मुलाबरोबर त्याच्या हयात असलेल्या पालकाचाही मिळाला तर फारच उत्तम, कारण मुलाच्या आकड्यांतून त्या पालकाचे वजा केले की उरतात ते मृताचे. सख्ख्या भावंडांचं जरा बेभरवशाचं. आईवडिलांच्या दोन-दोन गाड्यांतली कुठली कोणाला मिळाली, हा नशिबाचा भाग, त्यामुळे सख्खे भाऊही काही ठिकाणी अगदी परक्यासारखे दिसतात.

आणि यातलं कोणीच नसेल तर? तेव्हा डीएनएचे दोन खास प्रकार कामाला येतात. फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला डीएनए, 16,569 अक्षरांचं छोटंसं वर्तुळ, आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे तो फक्त मुलीच देतात. पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून फार खराब झालेल्या हाडातही तो सापडतो. आता नाती लावून बघा. मृत पुरुष असेल तर चुलतभाऊ चालतो, दोघांचं वाय आजोबांचंच. मावसभाऊ चालतो, दोघांचा मायटोकाँड्रिया आजीचा, म्हणजे आईच्या आईचा. मामा चालतो, पण मामेभाऊ नाही. त्याचा मायटोकाँड्रिया मामीच्या माहेरचा आणि वाय मामाचं, मृताचं वाय मात्र त्याच्या वडिलांकडचं. आतेभाऊही दोन्हीकडून बाद. मृत स्त्री असेल तर चुलतभाऊही गळतो, मावसभाऊ मात्र टिकतो. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'कझिन' हा एकच शब्द आहे. मराठीत नातं नीट सांगितलं की अर्धं आनुवंशशास्त्र सांगून झालेलं असतं. अर्थात हे दोन्ही डीएनए घराणं सांगतात, माणूस नाही. एका आजीच्या मुलींची सगळी मुलं मायटोकाँड्रियात सारखीच, आणि एका आजोबांच्या मुलांचे सगळे मुलगे वायमध्ये. त्यामुळे इतर पुराव्याला जोड म्हणूनच ते वापरायचे.

नात्याची ही भाषा एका ठिकाणी मात्र हात टेकते. समजा, एकाच घरातले दोन अविवाहित भाऊ एकाच दुर्घटनेत गेले. आईवडिलांचा नमुना जुळला, दोन्ही मृतदेह त्यांच्याच मुलांचे हे पक्कं झालं. थोरला कोणता आणि धाकटा कोणता? आईवडिलांच्या डीएनएत याचं उत्तर नाही. तिथे दातांचा एक्स-रे, बोटांचे ठसे, लहानपणी मोडलेला हात, असले जुनेच पुरावे उपयोगी पडतात. इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांना एकाच रांगेत बसवलं आहे, ते उगाच नाही.

किंवा मग त्या माणसाची स्वतःची वस्तू. दात घासायचा ब्रश, दाढीचं रेझर. पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मोरीच्या कट्ट्यावर एकाच मगमध्ये पाच ब्रश उभे असतात. निळा कोणाचा, याबद्दल घरातल्यांचंच एकमत नसतं. फणी सगळ्यांची एकच. पुष्कळ आया मुलाचं जावळ जपून ठेवतात. त्याचा मात्र फारसा उपयोग नाही, कारण कापलेल्या केसाला मूळ नसतं आणि पेशीच्या केंद्रातला डीएनए मुळाशी असतो. त्यापेक्षा डबीत ठेवलेले दुधाचे दात मोलाचे. रुग्णालयात कधीकाळी तपासणीला दिलेला, मेणात बसवलेला गाठीचा तुकडाही चालतो.

1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून उडालेलं 'एम्परर अशोक' हे विमान काही क्षणांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा मोठा तराफा, बुडाला, त्यावर 261 जण होते. मृतदेह रायगडपासून वलसाडपर्यंतच्या किनाऱ्यांना लागले. ज्यांची ओळख पटेना, त्यांच्यासाठी नातेवाइकांच्या नमुन्यांशी ताडून पाहण्याचं काम कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे आलं. पोलीस अजूनही तिथल्या अहवालाला जुन्या सवयीने 'सीए रिपोर्ट', म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट, म्हणतात. कामगार देशभरातून आलेले, म्हणजे ज्यांच्या गालाच्या आतून कापूस फिरवायचा ती माणसं शेकडो किलोमीटरवर. 12 जून 2025 च्या अहमदाबादच्या विमान अपघातात 260 जण मृत्युमुखी पडले. विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कित्येक मुंबई-ठाण्याकडचे होते. मोजके अपवाद सोडता सगळ्यांची ओळख डीएनएवरून पटली, तीही दोन-अडीच आठवड्यांत.

विमानाच्या बाबतीत एक सोय असते. आत कोण होतं याची यादी असते. बार्जचीही असते. लोकलची नसते. 11 जुलै 2006 ला 11 मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा त्या डब्यांत नेमकं कोण होतं हे कोणत्याच कागदावर नव्हतं. यादी नसली की घरी न आलेला प्रत्येक माणूस संभाव्य मृत, आणि जुळवणीचा पसारा वाढतो. गणित सोपं आहे. 250 मृत आणि 250 कुटुंबं म्हणजे 62,500 जोड्या. हजारात एकदा योगायोगाने जुळेल अशी कसोटी लावली, तर साठेक चुकीच्या जोड्या जुळल्यासारख्या दिसतील. एका घरातलं पोर दुसऱ्याच्या चितेवर जाऊ नये म्हणून कसोटी लाखात नव्हे, कोट्यवधीत एक अशी ठेवावी लागते.

ओळख पटली नाही तर मागे राहिलेल्यांचे हाल वेगळेच. मृतदेह नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून विमा, पीएफ, खोलीचं हस्तांतर सगळं अडलेलं. सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा माणसाला मृत धरतो. सरकारने खास आदेश काढला तर ही मुदत कमी होऊ शकते. मंगळसूत्र काढायचं की नाही, हे मात्र कुठल्याच आदेशात नसतं.

न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत 11 सप्टेंबर 2001 ला 2,753 माणसं मेली. ढिगाऱ्यातून जवळपास 22,000 अवशेष मिळाले, अनेक बोटाच्या पेराएवढे. आग, विमानाचं इंधन, विझवताना मारलेलं पाणी आणि जिवाणू यांनी त्यातला डीएनए चिंध्या करून टाकला होता. लांब गाडी मोडली असेल तर निदान आखूड गाड्या मोजता याव्यात, यासाठी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तेव्हा छोट्या तुकड्यांवर चालणारी चाचणी विकसित केली. ती आज जगभर वापरली जाते. तरीही सुमारे 1,100 जणांचा अजून एकही अवशेष ओळखता आलेला नाही. तिथली प्रयोगशाळा तीच हाडं नव्या पद्धतीने पुन्हा पुन्हा तपासते. ऑगस्ट 2025 मध्ये आणखी तिघांची ओळख पटल्याचं त्यांनी जाहीर केलं. चोवीस वर्षांत नमुना देणारी कितीतरी माणसंही म्हातारी झाली, काही गेली. त्यांच्या गालावरून घेतलेला कापूस कधीच संपला असेल, पण त्यातून काढलेले आकडे त्या संगणकात अजून आहेत.