चाळीस मीटरवरचा बिटकॉइन

फेब्रुवारी २०१९मध्ये टोरंटोच्या रोडोल्फो नोवाक यांनी सॅन फ्रान्सिस्कोला इलेन ऊ यांच्याकडे बिटकॉइन पाठवला. यात नवल ते काय? तर मध्ये इंटरनेट नव्हतं. ४० मीटर बँडवर (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर) लावलेला हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांचा रेडिओ, जेएस८कॉल नावाचं सॉफ्टवेअर आणि रेडिओलहरी परतवणारं डोक्यावरचं आयनांबर, एवढ्यावर काम भागलं. कल्पना जुनी होती. ऊ आणि निक सॅबो यांनी २०१७मध्ये स्टॅनफर्डला ती मांडली होती. एखाद्या सरकारने इंटरनेट बंद केलं तरी बिटकॉइनचा व्यवहार थांबायला नको, हा त्यामागचा विचार. एक व्यवहार म्हणजे काही शे बाइट, तेव्हा संथ, क्षीण सिग्नलही पुरतो.

हॅम रेडिओ आणि क्रिप्टो (बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी) या दोन्ही नादांत आज नव्याने पडणाऱ्याला वाटतं की ही एकाच जातीची माणसं: सोल्डरिंगचा वास, रात्रीची जागरणं, ‘मधला माणूस कशाला हवा?’ हा प्रश्न. खाज एकच, हे खरं. पण दोघांचे नियम बरोबर उलटे आहेत.

हॅमचं आधी पाहू. १९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबींवर ढकललं. त्या काळी हा पट्टा कुचकामी समजला जाई. हौशी मंडळींनी त्याच ‘टाकाऊ’ पट्ट्यावर नोव्हेंबर १९२३मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दुतर्फा संभाषण करून दाखवलं, आणि मग शॉर्टवेव्हची किंमत सगळ्यांना कळली. त्याच वर्षी जूनमध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने मुंबईतून प्रसारण केलं. भारतातल्या प्रसारणाचा आरंभ हौशी क्लबाने केला, सरकारी खात्याने नाही, हे आपण फारसं सांगत नाही.

१९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी हौशी लोकांना ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायला लावले. पण ज्याला ट्रान्समीटर बांधता येतो त्याच्याकडून तो काढून घेतला तरी बांधण्याची अक्कल कशी जप्त करणार? १९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ उभा केला, तो नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जाणकार हॅमच्या मदतीने. घोषणा असायची: ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून. ठिकाण सतत बदलत राहायचं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला तेव्हा उषाबेन बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या परवानाधारक हॅमने रिगची, म्हणजे आपल्या रेडिओ संचाची, नॉब तिथे फिरवली तर तो आपल्याच ४० मीटर बँडमध्ये असतो. नोवाक यांचा बिटकॉइन याच बँडवरून गेला.

चोरट्या ट्रान्समीटरची धास्ती सरकारांच्या मनातून कधी गेली नाही, आणि हौशी रेडिओच्या नियमांत ती जागोजागी दिसते. आपल्याकडचे नियम १९७८चे. आधी परीक्षा, मग परवाना, मग कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखनाव: प्राथमिक रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३, मोर्सची चाचणी देऊन जनरल श्रेणी मिळवणाऱ्याला व्हीयू२. वय बारा पूर्ण असलं की बसता येतं. हवेत आलात की आपली ओळख सांगायची, बोलणं साध्या भाषेत, गुप्त लिपी नाही, धंदा नाही. या बंधनांतूनही छंद वाढला. १९८४मध्ये आयात शुल्क माफ झाल्यावर परदेशी रिग आवाक्यात आल्या. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू२आरजी. किल्लारीच्या भूकंपात हॅम धावून गेले. डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच रेडिओ लावून बसल्या होत्या आणि अंदमानचे निरोप बाहेर पोहोचले.

क्रिप्टोची मुळं या धास्तीच्या पलीकडच्या बाजूला आहेत. डेव्हिड चॉम यांनी १९८३मध्ये देणाऱ्याचा माग न लागणाऱ्या डिजिटल पैशाचं गणित मांडलं. त्यांची डिजिकॅश कंपनी १९९८मध्ये बुडाली. दरम्यान सायफरपंक म्हणवणाऱ्या संगणकवेड्या मंडळींनी गुप्तलेखन हा नागरिकाचा हक्क मानला होता. ॲडम बॅक यांचा हॅशकॅश, म्हणजे पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडी आकडेमोड करायला लावणारी युक्ती, १९९७चा, ईमेलच्या कचऱ्यावर उपाय म्हणून काढलेला. ही सगळी सुटी कामं ३१ ऑक्टोबर २००८ला सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निबंधात एकत्र आली, आणि त्यातून बिटकॉइन निघाला. जानेवारी २००९मध्ये सातोशीकडून हॅल फिनी या प्रोग्रामरला पहिल्या व्यवहारात दहा बिटकॉइन मिळाले. २२ मे २०१०ला कोणीतरी दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. तो किस्सा लोक किमतीवर हळहळण्यासाठी सांगतात. मला त्यातली रोजच्या वापराची ओढ जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे ती ओढ टिकली नाही. ६ एप्रिल २०१८ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मग एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि जुलैपासून १ टक्का टीडीएस आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. क्रिप्टोने चहाचे पैसे द्यायचे ठरवले तर कायद्याच्या लेखी ते हस्तांतरण, म्हणजे वहीत एक नोंद वाढली. शेजारी यूपीआयचा क्यूआर कोड लटकत असताना ही उठाठेव करणारा अस्सल हौशीच म्हणायचा.

हॅमला दारातच परीक्षा आहे. रेडिओचा सिद्धांत आणि नियम कळल्याशिवाय बटण दाबता येत नाही. क्रिप्टोला परीक्षाच नाही, मोबाइलवर केवायसी झालं की आत, आणि मग शिकवणी पैशांत पडते. खासगी किल्ली (नाणी खर्च करू देणारा गुप्त आकडा) म्हणजे काय, ती परत मिळवून देणारे वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर का लिहायचे, हे नाण्यांची खरेदी-विक्री चालवणारं एक्स्चेंज शिकवत बसत नाही. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं की किल्ली आपल्या हातात नव्हतीच.

मग नोवाक यांचा प्रयोग कायदेशीर होता का? अमेरिकेतही हॅमवर अर्थ लपवणारे संदेश आणि आर्थिक हितसंबंधाची बोलणी वर्ज्य आहेत. समर्थक म्हणतात, बिटकॉइनचा व्यवहार मुळात उघडाच असतो. त्यावर सही असते, पडदा नसतो, आणि कोणीही तो वाचू शकतो. लपवण्याच्या मुद्द्यापुरतं मला ते पटतं. पैशाच्या मुद्द्यावर मात्र पटत नाही, आणि आपल्या १९७८च्या नियमांपुढे तर ते मुळीच टिकणार नाही. व्हीयू३ कॉलसाइन घेऊन ४० मीटरवर पैसे पाठवायला जाणारा आधी आपला परवानाच गमावेल, कारण नियमाप्रमाणे त्याने स्वतःची ओळख आधीच हवेत जाहीर केलेली असेल.