‘झोपू दे, सकाळी उतरेल’

पार्टीत कुणाला जास्त झाली की एकजण हमखास म्हणतो, "झोपू दे, सकाळी उतरेल." बहुतेकदा उतरतेही. पण दारूने जीव जातो तो याच झोपेत, म्हणून ती झोप आहे की बेशुद्धी हे आधी बघा.

शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू तासभर तरी रक्तात मिसळत राहते. आडवा झालेला माणूस त्यामुळे नंतर आणखी बिघडू शकतो. श्वास चालू ठेवणारा आणि घशात काही गेले की ठसका आणणारा मेंदूचा भागच मंदावतो. अशात उताणे असताना उलटी झाली की ती थेट श्वासनलिकेत जाऊ शकते.

मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा, मानेजवळ जोरात चिमटा काढा. जाग येत नसेल तर लगेच १०८ लावा. तोवर घड्याळ बघत छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. मिनिटाला आठाहून कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांची फट, निळसर ओठ, गार चिकट अंग किंवा फिट, यातले काहीही जिवावरचे आहे. माणसाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा काटकोनात पुढे घ्या, वरच्या हाताचा तळवा गालाखाली सरकवा, तोंड जरा जमिनीकडे ठेवा. आणि जवळच बसा.

कॉफीने रक्तातली दारू कमी होत नाही. गार पाणी ओतले तर आधीच थंड पडत चाललेले शरीर आणखी गार पडते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे तर सर्वांत घातक. डोक्याला मार बसला असेल किंवा मधुमेह्याची साखर उतरली असेल, तरी माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

पिणाऱ्याने हिशेब ग्रॅममध्ये करावा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि यकृत तासाला जेमतेम तेवढेच निपटते. क्वार्टरला (१८० मिली) म्हणजे सहा ते आठ तास. ‘फक्त बिअर’ म्हणून घेतलेली ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली ३० मिलीच्या चार पेगांच्या बरोबरीची असते. जेवून, सावकाश, मधे पाणी पीत घेतली तर चढण कमी होते, पण गाडीला हात लावू नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

हातभट्टीचा धोका वेगळाच. मुंबईत मालवणीला २०१५ साली अशा दारूतल्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने शंभराहून अधिक जीव घेतले. ते प्यायल्यावर कित्येकदा १२ ते २४ तास बरे वाटते, मग पोट दुखते, धाप लागते, नजर धूसर होते. त्याला हँगओव्हर समजू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि काय प्यायलात, कुठून आणले ते डॉक्टरांना खरे सांगा. त्याच बाटलीतून प्यायलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, सोबत न्या.