शोधनिबंधातील संदर्भलेखन

संदर्भलेखन : शोधनिबंधात इतरांचे निष्कर्ष, पद्धती किंवा आकडे वापरले की ते कुठून घेतले याची खूण मजकुरात करायची आणि त्या स्रोताचा पूर्ण पत्ता निबंधाच्या शेवटी, शोधपत्रिकेने ठरवलेल्या साच्यात द्यायचा, या कामाला संदर्भलेखन म्हणतात. मजकुरातली खूण आणि शेवटची सूची यांचा मेळ बसावाच लागतो. खूण आहे पण नोंद नाही, किंवा नोंद आहे पण मजकुरात तिचा उल्लेखच नाही, अशी प्रत संपादकांकडून परत येते.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा, ‘नेचर’ या शोधपत्रिकेतला १९५३ सालचा निबंध घेऊ. शीर्षक सोडले, तर वैद्यकीय शोधपत्रिकांत त्याची नोंद अशी होते : ‘वॉटसन जेडी, क्रिक एफएच. … नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.’ मानसशास्त्राच्या शोधपत्रिकांत तीच नोंद ‘वॉटसन, जे. डी., आणि क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). … नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.’ अशी होते. ‘नेचर’च्या स्वतःच्या पद्धतीत वर्ष कंसात, अगदी शेवटी जाते आणि खंडाचा आकडा ठळक छापतात. माहिती तिन्हीकडे जवळपास तीच आहे, मुख्यतः मांडणी बदलली. पहिल्या नमुन्यात अर्धविरामानंतर खंड, कंसात अंक आणि अपूर्णविरामानंतर पाने येतात, म्हणजे ‘खंड’, ‘अंक’, ‘पृष्ठे’ हे शब्द न लिहिता विरामचिन्हेच त्यांचे काम करतात. म्हणूनच स्वल्पविरामाच्या जागेचा आग्रह धरावा लागतो. खंड आणि पान यांची अदलाबदल झाली, तर वाचक १९५३ साली अस्तित्वातच नसलेला ७३७ वा खंड शोधत बसेल.

साचे हजारो असले तरी घराणी मुख्यतः दोन. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंसात आडनाव आणि वर्ष येते आणि सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. तिला ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणतात, कारण तिचा पहिला वापर हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधात झाल्याचे मानतात. तो निबंध गोगलगायीच्या कुळातल्या एका जीवाच्या अंड्यांच्या वाढीवर होता. दुसरी अंकपद्धत : ज्या क्रमाने संदर्भ मजकुरात प्रथम येतो तो त्याचा क्रमांक, आणि पुढे तोच स्रोत पुन्हा आला तरी क्रमांक तोच. या घराण्यातली ‘व्हँकूव्हर पद्धत’ जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात झालेल्या वैद्यकीय संपादकांच्या बैठकीतून आली. तिथे ठरलेल्या सूचना १९७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तयार केला होता.

लेखक-वर्ष पद्धतीत वाचकाला न थांबता कळते की मुद्दा कोणाचा आणि किती जुना. त्याची किंमत म्हणजे आठ-दहा नावांच्या कंसाने वाक्य मोडते. अंकपद्धत आटोपशीर, पण हाताने सांभाळायला त्रासाची. मध्ये एक संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात. तक्ता किंवा आकृतीच्या मथळ्यातच येणारे संदर्भ तर हमखास चुकतात. त्यांचा क्रमांक तक्ता छापून कुठे येतो यावर नव्हे, तर मजकुरात त्या तक्त्याचा प्रथम उल्लेख कुठे आहे यावर ठरतो. समीक्षकांच्या सूचनेवरून तक्ता मागेपुढे हलवला, तर हे पुन्हा तपासावे लागते.

लेखकांची नावे हा सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण तिथे चूक झाली तर माणसाचे श्रेय हरवते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचे आडनाव दुहेरी आहे, म्हणून त्यांची नोंद ‘रामोन इ काहाल’ अशीच हवी, नुसती ‘काहाल’ नव्हे. चिनी नावांत कुळाचे नाव आधी येते. लेखक किती लिहायचे हेही ठरलेले असते. ‘नेचर’मध्ये पाचपेक्षा जास्त लेखक असतील, तर पहिले नाव आणि पुढे ‘व इतर’. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीनुसार सूचीत २० लेखकांपर्यंत सर्व नावे देतात. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते, यावरून अशा मर्यादेची गरज कळते.

शोधपत्रिकांच्या नावांचे संक्षेप मनाने करायचे नसतात. त्यासाठी आयएसओ ४ हे मानक आहे आणि त्याची शब्दयादी नियतकालिकांना ओळखक्रमांक देणारे पॅरिसचे आयएसएसएन केंद्र सांभाळते. ‘नेचर’, ‘सायन्स’ अशी एकशब्दी नावे तोडत नाहीत. २००० सालापासून डीओआय हा निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक वापरात आला. तो ‘१०.’ने सुरू होतो आणि वेबपत्ता बदलला तरी निबंधापर्यंत पोचवतो. माझ्या मते सूचीतली ही सर्वांत उपयोगी नोंद आहे, आणि शोधपत्रिकेने मागितली नसली तरी ती द्यावी.

झोटेरो, मेंडली, एंडनोट किंवा बिबटेक् अशी संदर्भ सांभाळणारी संगणकीय साधने वापरली की क्रमांक आणि विरामचिन्हांची काळजी मिटते, पण माहितीची मिटत नाही. संस्थेचे नाव व्यक्तीच्या नावाच्या रकान्यात पडले, तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनची ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ होते. बिबटेक्मध्ये महिरपी कंस घातला नाही, तर शीर्षकातल्या डीएनएची मोठी अक्षरे अनेक साच्यांत लहान होतात. म्हणून नोंद आयात केली की लगेच मूळ निबंधाच्या पहिल्या पानाशी ताडून घ्यावी. शेवटच्या रात्री दीडशे नोंदी तपासणे कोणालाच नीट जमत नाही.

चुका पसरतात त्या नकलेतून. मिखाईल सिमकिन आणि वाणी रायचौधुरी यांनी २००३ मध्ये एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख पाहिले. त्यांपैकी १९६ चुकीचे होते, पण वेगवेगळ्या चुका ४५च होत्या. पानाचा एक चुकीचा आकडा ७८ वेळा जसाच्या तसा आला होता. मूळ निबंध उघडून पाहणाऱ्यांचे प्रमाण केवळ २० टक्क्यांच्या आसपास असावे, असा अंदाज त्यांनी यावरून मांडला. दुसऱ्या एका प्रकरणात, प्रकाशकाने साचा समजावण्यासाठी दिलेला काल्पनिक नमुना-संदर्भच शेकडो निबंधांच्या सूचीत छापला गेला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी निर्दोष साच्यात लिहून देतात, त्यामुळे नोंद सुबक दिसते एवढ्यावरून ती खरी धरता येत नाही.

मागे घेतलेल्या निबंधाचा उल्लेख तो मागे घेतल्याचे सांगण्यापुरताच करायचा असतो. प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच जाहीर केलेली निबंधाची प्रत, असेल तर तसे स्पष्ट लिहावे. खासगी पत्रातली किंवा बोलण्यातली माहिती सूचीत येत नाही. ती संबंधित व्यक्तीच्या लेखी परवानगीने मजकुरातच कंसात देतात.

आता बऱ्याच शोधपत्रिका पहिल्या वेळी कोणताही एकसारखा साचा चालवून घेतात आणि स्वीकृतीनंतरच आपला साचा मागतात. लेखकाचे कष्ट वाचवणारा हा बदल फार आधी व्हायला हवा होता. साच्याबद्दल शंका उरली, तर सूचनांसोबत त्याच शोधपत्रिकेचा ताजा अंक उघडून त्यातल्या नोंदी पाहाव्यात. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आले की प्रकाशक ज्या नोंदींना दुवा सापडला नाही त्यांच्यापुढे प्रश्न लिहून पाठवतो. बहुतेकदा तिथे वर्ष, खंड किंवा आडनावातले एखादे अक्षर चुकलेले निघते, आणि निबंध छापण्याआधी ते दुरुस्त करायची ही शेवटची संधी असते.