ब्रेक ऑइल वरून ओतलं की पैसे वाचतात?

जळगाव-भुसावळकडे एक समज पक्का बसलाय: ब्रेक ऑइल कमी दिसलं की बाटली आणा, वरून ओता, गॅरेजचे पैसे वाचले.

खरं तर ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला, म्हणजे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणून डबीतली पातळी हळूहळू उतरते. ‘पॅड बघा’ असा तो निरोप असतो. वरून ओतलं की निरोपच पुसला जातो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल उतू जाऊन गाडीचा रंग खातं. पातळी एकदम उतरली, तर मात्र गळती शोधा.

काही बहाद्दर उरलेलं इंजिन ऑइल ओततात. त्यानं रबरी सील फुगतात, मग सगळी यंत्रणाच उघडा!

शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावलेलं १४० लाही. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना ब्रेक तापले, ऑइलची वाफ झाली, की पेडल पोकळ खाली जातं.

हात बसलेला असेल तर पॅड घरी बदला, मजुरी वाचते. पण दोन्ही बाजूंचे एकदम, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता. आणि निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.