एफआयआरमधली कलमं अंतिम नसतात: कलमवाढीचा अर्ज कोणी, कधी आणि कोणत्या कागदांसह करायचा

एफआयआरवर जी कलमं लागतात ती फिर्याद नोंदवण्याच्या दिवशी जेवढी माहिती होती तेवढ्यावर. तपासात ती वाढतात, कमी होतात, कधी पूर्ण बदलतात. म्हणून "फारच किरकोळ कलम लावलं" असं वाटणाऱ्या फिर्यादीने खचून घरी बसू नये. दोषारोपपत्र न्यायालयात जाईपर्यंतचा काळ त्याच्यासाठी सर्वांत मोलाचा असतो, आणि तोच बहुतेक वेळा वाट पाहण्यात जातो.

कलमं सरकारी वकील ठरवतात, असा सर्रास समज आहे. आपल्या कायद्यात तसं नाही. कोणत्या कलमांखाली दोषारोपपत्र पाठवायचं हे मत तपासी अंमलदाराने, म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने, बनवायचं असतं. सरकारी वकिलाचं मत घेऊन त्याप्रमाणे अहवाल द्या, असा आदेश पोलिसांना देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला प्रकरणात स्पष्ट केलं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने अभियोग संचालनालयाच्या (सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाच्या) उपसंचालकांवर सात वर्षे किंवा जास्त, पण दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अहवालाची छाननी करण्याचं काम सोपवलं आहे. या छाननीत मुख्य प्रश्न एकच असतो: कलमातला प्रत्येक घटक कोणत्या जबाबातून किंवा कोणत्या कागदातून सिद्ध होणार? त्यानंतरही शेवटचा शब्द न्यायालयाचा. आरोप निश्चितीच्या वेळी, म्हणजे खटला कोणत्या कलमांखाली चालवायचा हे ठरवताना, न्यायाधीश कागद पाहून कलम ठेवतात, बदलतात किंवा आरोपीला डिस्चार्ज देतात, म्हणजे खटला न चालवताच सोडतात.

मारहाणीचा गुन्हा घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) म्हणजे साधी दुखापत, शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. हाड मोडलं किंवा दात पडला की ती गंभीर दुखापत होते, कलम ११७(२) लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. धोकादायक हत्यार वापरलं असेल तर कलम ११८. म्हणजे एका एक्स-रे अहवालावर सगळं फिरू शकतं. हाड मोडलं नाही, पण जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत होता किंवा त्याला रोजची कामं करता आली नाहीत, तर तीही गंभीर दुखापतच. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, ही मुदत वीस दिवसांची होती. त्यामुळे रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, फेरतपासणीच्या चिठ्ठ्या, कामावरच्या रजेची नोंद हे सगळे पुरावेच आहेत.

कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, हे मात्र जखमेच्या आकारावर ठरत नाही. तिथे हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. हत्यार कोणतं होतं, वार शरीराच्या कोणत्या भागावर केला, किती वेळा केला, वार करताना आरोपी काय म्हणाला, आधीचं वैर काय होतं, हे जबाबात नसेल तर नुसतं "जीव घेण्याचा प्रयत्न केला" या वाक्याला न्यायालयात वजन राहत नाही. मोठं कलम हट्टाने लावून घेण्यापेक्षा हे तपशील नोंदवून घेणं कितीतरी महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

कलमवाढीचा अर्ज कोण करू शकतो? फिर्यादी आणि पीडित दोघंही. पीडित म्हणजे आरोपीच्या कृत्यामुळे इजा किंवा नुकसान झालेली व्यक्ती. तिचे पालक आणि कायदेशीर वारसही त्यात येतात. अर्जाला ठरलेला नमुना नाही. साध्या कागदावर तपासी अंमलदाराच्या नावे लिहा. पोलीस ठाणं, गुन्हा नोंदणी क्रमांक, सध्याची कलमं, जी वस्तुस्थिती सुटली ती, आणि तिचा पुरावा एवढं पुरे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती जोडा. दुखापत प्रमाणपत्र, फोटो, बँक व्यवहाराचा उतारा, साक्षीदारांची यादी, जे लागू असेल ते द्या. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग किंवा चॅट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोनमधली नोंद पुसू नका. एक प्रत पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक पोलीस आयुक्तांना द्या. दोन्हीकडे शिक्का-तारखेची पोहोच घ्या. पुढे न्यायालयात तीच दाखवावी लागते.

घाई का करायची? आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा त्याहून मोठी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे पोलीस त्या मुदतीच्या आत अहवाल पाठवायला बघतात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही, तर लेखी विचारा.

पोलिसांनी गुन्हा बंद करण्यासाठी अ, ब किंवा क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली तर दंडाधिकाऱ्याने ती स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या भगवंत सिंह निकालापासून हा नियम पक्का आहे. त्या तारखेला प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे त्या अहवालाला विरोध करणारा अर्ज, दाखल करून पुढील तपासाची मागणी करता येते.

दोषारोपपत्र गेलं असेल, तर त्याची मोफत प्रत आता पीडितालाही मिळते, पण त्याचा वकील हजर असेल तरच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. न्यायालयाच्या परवानगीने हा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो. आरोप निश्चितीआधी सुटलेलं कलम कोणत्या कागदावर उभं राहतं ते त्याच्यामार्फत सरकारी वकिलासमोर लेखी मांडा.

आरोप ठरल्यावरही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ नुसार निकाल जाहीर होईपर्यंत न्यायालय त्यात बदल करू शकतं. हा अधिकार मात्र न्यायालयाचा आहे, पक्षकाराला तो हक्क म्हणून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्यामुळे साक्षीतून नवी बाब पुढे आली, तर ती सरकारी वकिलामार्फतच न्यायालयाच्या नजरेस आणावी.