आठवड्याभरात उगवलेली टेकडी

डोंगर म्हटलं की आपल्याला सह्याद्रीच आठवतो, साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. पण इटलीत नेपल्सजवळ पोत्झुओलीच्या किनाऱ्यावर एक टेकडी आहे जिची जन्मतारीखसुद्धा माहितीये, २९ सप्टेंबर १५३८! नाव मोन्ते नुओवो, म्हणजे नवा डोंगर. उंची जेमतेम १३३ मीटर, पण ती आठवड्याभरात झालेली.

स्फोटाच्या आधी तिथली जमीन इतकी वर आली की समुद्रच मागे हटला, मासे कोरड्यात तडफडायला लागले आणि लोक फुकटची मासळी गोळा करायला धावले. मग जमीन फाटली, राख आणि दगडांचा मारा सुरू झाला, आणि गरम पाण्याच्या स्नानगृहांसाठी नावाजलेलं त्रिपेर्गोले गाव गाडलं गेलं. जरा शांत झाल्यावर काही हौशी मंडळी नवा डोंगर बघायला वर चढली, नेमका ६ ऑक्टोबरला पुन्हा स्फोट झाला, २४ जण गेले.

हा सगळा भाग म्हणजे कांपी फ्लेग्रेई, एक प्रचंड ज्वालामुखी, अर्धा समुद्राखाली. जवळच सोल्फाटारा नावाचं विवर आहे, तिथे १६० डिग्रीची वाफ निघते आणि भेगांच्या कडेला पिवळंधमक गंधक साचतं. तिथे गाईड लोक एक गंमत दाखवायचे, पेटता कागद भेगेजवळ धरला की आजूबाजूची वाफ एकदम दाट दिसायची, कारण धुराच्या कणांवर पाण्याचे थेंब जमतात. गंधकाचा वास आपल्या वज्रेश्वरीलाही येतो, पण तिथे खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, नाहीये, पाणी भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं, बस.

मला विचाराल तर इथली सगळ्यात भारी गोष्ट वाफ नाही, पोत्झुओलीतल्या जुन्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब. त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर भोकांचा पट्टा आहे, पार सात मीटरपर्यंत, आणि ती पाडलीत दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी, ज्यांना तिकडे समुद्री खजूर म्हणतात. म्हणजे हे खांब उभ्या उभ्या समुद्रात बुडाले आणि उभेच परत वर आले! जमीन अशी हळूहळू वरखाली होते त्याला ब्रॅडिसिझम म्हणतात. खाली मॅग्मा सरकतो, वायू आणि गरम पाण्याचा दाब वाढतो, की जमीन फुगते. १९८२ ते ८४ मध्ये ती जवळपास १.८ मीटर वर आली होती.

२००५ पासून ती परत फुगतेय, आणि पोत्झुओलीच्या छोट्या बंदरात कोळ्यांच्या होड्या चिखलात टेकलेल्या दिसतात.